दोनशे पावलांचा फेरा

2022 आणि 2023 या दोन दिवाळ्यांत आमच्या दारापुढे रांगोळी नव्हती असे म्हटले तर ते खोटे ठरेल. रांगोळी होती, पण ती विकत आणून फरशीवर चिकटवलेली होती. प्लास्टिकच्या कागदावर छापलेली ती लाल-पिवळी कमळे दुरून बरी दिसत, जवळून पाहवत नसत, आणि तुळशीच्या लग्नानंतर ती खरवडून काढताना मला भिंतीवरचे निवडणुकीचे पत्रक फाडल्यासारखे वाटे. हा प्रकार आमच्या घरात शिरला तो हौसेने नव्हे. सौभाग्यवतीचा उजवा हात कापू लागला होता.

कापणे तसे फार नव्हते. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरी, सुईत दोरा मी ओवून देई, आणि बाकी संसार पूर्वीसारखाच चाले. पण रांगोळीची चिमूट ही मोठी चोखंदळ गोष्ट आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून शिरगोळ्याची पूड एकसारखी सुटावी लागते, आणि ती सुटत असताना हात थांबून चालत नाही. चाळीस वर्षे ही बाई आमच्या दारात पंधरा-ते-आठ ठिपक्यांची रांगोळी काढीत आली. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी होत आठापर्यंत, एकूण 169. मी बँकेत खातेवह्या लिहिण्यात जन्म काढलेला माणूस, म्हणून मला ती बेरीज पाठ. तिला ती कधी करावी लागली नाही. 2022 च्या वसुबारसेला मात्र तिची पहिलीच रेघ नागमोडी गेली. तिने ती ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली, आणि मग रांगोळीच्या डब्याला झाकण लावून तो माळ्यावर ठेवायला मला सांगितले. मी पाठीशी उभाच होतो. "थोडं डावीकडे घे", "हात सैल सोड", "आता बरोबर, आता बिघडलं" अशा सूचना मी तिला तासभर करीत होतो. त्या सूचनांविषयी पुढे येईलच.

निवृत्त माणसाच्या हातात वेळ आणि डोक्यात कल्पना एकदम आल्या, की घरच्यांनी सावध व्हावे. 2024 च्या संक्रांतीच्या सुमारास माझ्या डोक्यात आले, की रांगोळी काढणारे एक यंत्रच का करू नये? आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगला जाणारा एक मुलगा राहतो. त्याने घरी बनवलेले लाकूड कोरण्याचे लहानसे यंत्र मी पाहिले होते. आडव्या-उभ्या रुळांवर एक गाडी फिरते आणि संगणकातले चित्र फळीवर उमटत जाते. मी म्हटले, कोरण्याच्या हत्याराऐवजी रांगोळीचे नरसाळे लावले, की झाले! मुलाने डोके खाजवले.

"होईल काका," तो म्हणाला, "पण आधी एक ठरवा. स्टेपर घ्यायच्या का सर्व्हो?"

चहा घ्यायचा का कॉफी, इतक्या सहजतेने त्याने हे विचारले. त्या प्रश्नाने माझे पुढले आठ महिने खाल्ले.

पंख्यातली किंवा मिक्सरातली मोटर वीज दिली की फिरत सुटते. किती फिरली हे तिचे तिला ठाऊक नसते, आणि तिला ते कोणी विचारीतही नाही. स्टेपरचे तसे नाही. ती पावलापावलाने फिरते. तिच्या पोटात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात आणि मधल्या चुंबकी चक्राला पन्नास बारीक दाते असतात. गुंडाळ्यांतला प्रवाह ठरावीक क्रमाने उलटसुलट केला, की चक्र एक पाऊल सरकते आणि पुढचा हुकूम येईपर्यंत तिथेच घट्ट उभे राहते. चार पावलांत एक दाता, म्हणून 200 पावलांत एक पुरा फेरा. एक पाऊल म्हणजे 1.8 अंश. शंभर पावले म्हटले की बरोबर अर्धा फेरा. तिथे घासाघीस नाही.

हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांच्या भिंतीवर टांगलेला आहे, हे कळल्यावर मला फार मौज वाटली. सेलवर चालणाऱ्या काट्यांच्या घड्याळात एक चिमुकली स्टेपरच असते. मारियुस लाव्हे नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने 1936 साली ती जात शोधून काढली. घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. त्या कंपनांचे निम्मे-निम्मे करीत शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो, आणि त्या ठोक्याला काटा एक घर पुढे जातो. सेल मरायला आला, की सेकंदकाटा नऊच्या आसपासच्या चढावर जागच्या जागी उचक्या देऊ लागतो, हे कोणी पाहिलेले नाही? ठोका येतो, काटा उचल खातो, आणि परत पडतो. यातली मेख अशी, की ठोके मोजणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. त्याच्या हिशेबी वेळ बरोबर चालली आहे. आपलीच गाडी चुकते.

सर्व्होचे कूळ निराळे. ते समुद्रावरचे. वाफेवरच्या मोठ्या जहाजांचे सुकाणू माणसाच्या हाताला वळेनासे झाले, तेव्हा जोसेफ फार्को या दुसऱ्या एका फ्रेंचाने अशी योजना केली, की नाविकाने दांडा जरासा वळवावा, वाफेच्या दट्ट्याने सुकाणू ढकलायला लागावे, आणि सुकाणू हवे तितके वळले की त्याच्याच हालचालीने वाफेची झडप बंद व्हावी. म्हणजे काम करणाऱ्याने आपण कुठवर आलो हे मागे वळून कळवायचे. 1873 साली त्याने यावर पुस्तक लिहिले आणि या यंत्राला 'सर्व्हो-मोटर' म्हटले. सर्व्हो म्हणजे दास. आता खरे दास्य कोणाचे, याचा मी पुष्कळ विचार केला. स्टेपर हा सांगकाम्या. त्याला 'चाळीस पावले चाल' म्हटले आणि वाटेत भिंत आली, तर तो भिंतीशी पाय आपटीत चाळीस मोजील. सर्व्होला 'दाराशी जा' म्हटले, तर तो दार किती दूर राहिले हे क्षणाक्षणाला पाहत जाईल. असा नोकर मिळायला भाग्य लागते, आणि पैसेही लागतात.

पैशांचा अनुभव मला तपकीर गल्लीत आला. पुण्यात बुधवार पेठेत असल्या विजेच्या सामानासाठी तिथेच जावे लागते. 42 मिलिमीटर चौरसाची, तळहातावर मावणारी पण हाताला चांगली जड लागणारी स्टेपर सातशे रुपयांना मिळाली. कारखान्यात वापरतात तसली, तेवढ्याच कामाची सर्व्हो विचारली, तेव्हा दुकानदाराने उत्तर देण्याआधी माझ्या चपलांकडे पाहिले. मी दोन स्टेपर घेतल्या. तिसरी वस्तू म्हणून मुलाने एक निळी, नऊ ग्रॅम वजनाची, खेळण्यातल्या विमानांत घालतात तसली सर्व्हो घ्यायला लावली. एवढ्याशा डबीला मोटर, प्लास्टिकची चक्रे आणि आपण कुठे आहोत हे पाहायला, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तसली एक वस्तू, असा सगळा संसार असतो. सेकंदाला पन्नास वेळा तिला एक विजेचा ठोका द्यायचा. तो एक सहस्रांश सेकंद टिकला तर ती एका बाजूला मान वळवते, दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या बाजूला, आणि दीड टिकला तर समोर पाहते. मात्र पुरा फेरा तिला येत नाही. अर्ध्या वर्तुळात तिचे जग संपते. तिला आम्ही नरसाळ्याच्या तोंडाशी द्वारपाल नेमले.

मग उन्हाळाभर आमच्या गच्चीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, स्क्रू आणि माझे हिशेब यांचा पसारा पडला. पट्ट्याचे दाते दोन-दोन मिलिमीटरवर, चाकाला दाते वीस; म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला गाडी 40 मिलिमीटर सरकणार आणि एका पावलाला 0.2. शिवाय एका पावलाचे सोळा भाग पाडणारी एक लहान पाटी मिळते. ती लावली, की मिलिमीटरला 80 ठोके होतात. ज्या दिवशी हे गणित सुटले त्या दिवशी जेवताना मी ते हिला सांगितल्यावाचून राहवेना.

"रांगोळीची रेघ केवढी जाड असते हो?" तिने विचारले.

"असेल तीन-चार मिलिमीटर."

"मग?"

या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी आमटी मागितली.

यंत्र उभे राहिले ते आषाढाच्या अखेरीस. ते सुरू केले, की आधी मागल्या कोपऱ्यात जाई, तिथल्या बटणाला टेके, आणि तिथून मोजायला लागे. कारण सुरू होताना आपण कुठे आहोत याचा स्टेपरला पत्ताच नसतो. मुलगा याला होमिंग म्हणे. मी म्हटले, "अरे, हा तर आमचा भोज्जा!" लपंडावात भोज्ज्याला हात लावल्याखेरीज राज्य सुरू होत नसे, तसेच हे. मुलाला भोज्जा ठाऊक नव्हता. मी त्याला तो समजावून सांगितला, आणि तेवढा अर्धा तास तरी गुरुत्वाचे वारे माझ्या बाजूने वाहिले. चालताना मोटरी गात. वेग बदलला की सूर बदले. त्यांच्या थरथरीने नरसाळ्यातली पूड न अडता खाली येई, हा एक आगंतुक फायदा झाला. तोटा असा, की नुसत्या उभ्या असल्या तरी त्या प्रवाह खात राहत आणि तापत. काही न करता तापणारी माणसे मी नोकरीत पाहिली होती; यंत्र पहिल्यांदाच पाहिले.

श्रावणातल्या एका रात्री गच्चीवर गेरूने सारवलेली फळी ठेवून आम्ही लक्ष्मीची पावले काढायला घेतली. पहिले पाऊल असे देखणे उतरले, की मी हिला हाक मारली. ती पदराला हात पुशीत आली. दुसऱ्या पावलाची टाच झाली, तळवा झाला, आणि तेवढ्यात 'टर्रर्र' असा आवाज आला. एखाद्याने फणीवरून नख फिरवावे तसा. क्षणभरच. मग गाडी पुन्हा पूर्ववत चालू लागली आणि तिने उरलेली पाचही बोटे काढली. बोटे अगदी रेखीव होती. फक्त ती पावलापासून सुटून दोन बोटे डावीकडे, मोकळ्या जागेत उमटली होती. संगणकाच्या पडद्यावर 'काम पूर्ण' अशी अक्षरे आली.

"अगंबाई, लक्ष्मीचा पाय मोडला!" ही म्हणाली, आणि मग माझा चेहरा पाहून तिने हसू आवरले.

रुळात रांगोळीचाच कण अडकला होता. शिरगोळा हा शेवटी दगडच. तो बारीक वाटला म्हणजे काही लोणी होत नाही. चक्राला क्षणभर पुढे सरकता येईना, तेवढ्यात हुकूम पुढे निघून गेले. मी पट्टी घेऊन अंतर मोजले. 24 मिलिमीटर. म्हणजे 120 पावले. मुलगा म्हणाला, "बरोबर, चाराने भाग जायलाच हवा. ती हुकते तेव्हा दात्यादात्याने हुकते." चूकसुद्धा इतकी शिस्तीची, की तिचा राग करवेना. पण माझ्या मनाला लागले ते त्या 'काम पूर्ण'ने. आमच्या बँकेत वहीतला जमाखर्च जुळला म्हणून कोणी दिवस बंद करीत नसे. संध्याकाळी पेटी उघडायची, नोटा मोजायच्या, आणि रोकड वहीशी जुळली तरच सही करायची. स्टेपर ही नुसती वही आहे. त्या वहीत खोटे काही नसते. किती पावले चालायला सांगितली हे तीत पैशापैशाने बरोबर असते. किती पावले पडली, ती नोंद करायला तिथे कोणीच नाही.

मी त्या रात्री ठरवले, की रोकड मोजणारी मोटर पाहिजे. सर्व्हो!

नवी परवडणारी नव्हती. म्हणून एका रविवारी आम्ही दोघे जुन्या बाजारात गेलो आणि दोनशे रुपयांना एक मोडका शाईचा प्रिंटर घेऊन आलो. तो उघडला, तेव्हा आत गाडीच्या मागून आडवी गेलेली एक पातळ, धुरकट पट्टी दिसली. मी ती धुळीने माखली आहे समजून पुसायला गेलो, तर मुलगा ओरडलाच. त्या पट्टीवर डोळ्याला न दिसण्याइतक्या बारीक रेघा असतात. गाडीवरचा एक प्रकाशाचा डोळा त्या मोजीत जातो. ओढणारी मोटर अगदी साधी, पंख्याच्या जातीची. पण तिच्या पाठीशी हा डोळा असल्यामुळे ती जिथे थांबायचे तिथेच थांबते. दिसायला किरकोळ अशी ही पट्टी म्हणजेच सर्व्होपणाचा सगळा अर्क. मोटर कोणतीही असो, तिला डोळा आणि त्या डोळ्याचे ऐकणारे डोके दिले, की ती सर्व्हो झाली.

डोळा मिळाला, डोके आम्हाला घडवायचे होते. ते तीन आकड्यांवर चालते. पहिला आकडा आत्ताच्या चुकीचा: जितके दूर तितकी जोराची ओढ. दुसरा मला फार आवडला, कारण तो थकबाकीचा होता: जराशी चूक सारखी राहूनच जात असेल, तर ती साठवीत जायची आणि साठली की वसूल करायची. तिसरा लगामाचा: मुक्काम वेगाने जवळ येऊ लागला, की आधीच आवरते घ्यायचे. हे तीन आकडे यंत्रागणिक निराळे, आणि ते बसवणे हीच सर्व्होची खरी किंमत, दुकानातली नव्हे. स्टेपर आणून जोडली की चालते. सर्व्होला वळण लावावे लागते.

आम्ही आडव्या रुळावरची स्टेपर काढली आणि ही नवी जोडी बसवली. पहिल्या प्रयोगात गाडी आळसटासारखी निघाली आणि मुक्कामाच्या अलीकडेच बसली. मुलाने ओढ वाढवली. ती बरी चालली. वाटेत मी रांगोळीची वाटी ठेवून पाहिली. तिने ती वाटी निमूटपणे कडेपर्यंत ढकलत नेऊन खाली पाडली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मला आनंद झाला. (वाटीच्या जागी कोणाचे बोट असते तर, हा विचार मागाहून आला. स्टेपर तुमच्या हाताला अडून टर्रर्र करील आणि हरेल. सर्व्हो जोर वाढवीत जाते. घरात लहान मुले असतील तर हे लक्षात ठेवलेले बरे.) "अजून वाढव," मी म्हणालो. मुलाने ओढीचा आकडा आणखी वाढवला. गाडी झटक्यात मुक्कामी पोचली, जरा पुढे गेली, मागे आली, जास्त मागे आली, पुन्हा पुढे गेली, आणि मग तिथल्या तिथे नरसाळे थरथरा कापू लागले. पूड फळीभर उडाली.

ही चहा घेऊन दारात उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे.

"हे माझ्यासारखंच करतंय की," ती म्हणाली.

मुलाने मान खाली घातली आणि वीज बंद करायला हात पुढे केला.

"बंद नको करूस. बघू दे." तिने चहा खाली ठेवला आणि फळीजवळ बसली. नरसाळे कापतच होते. "का होतं रे असं?"

"काकू, ती चूक सुधारायची फार घाई करते," मुलगा म्हणाला. "जरा चूक दिसली की जोरात परत येते. मग पलीकडे जाते. मग ती चूक सुधारायला पुन्हा जोरात इकडे. मोटर चांगली आहे, डोळाही चांगला आहे."

"मग करायचं काय?"

"ओढ कमी करायची. तिला जरा सोडायचं."

हिने यंत्राकडे पाहिले नाही; माझ्याकडे पाहिले. "ऐकलंत?" ती म्हणाली, आणि कप उचलून दिला.

मी चहा प्यालो. तो कसा होता ते आठवत नाही.

पुढे वाचता वाचता मला कळले, की या कंपाचा आणि माणसाच्या हाताचा संबंध माझ्या घरातच पहिल्यांदा लक्षात आला होता असे नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर नेम धरणाऱ्या तोफांच्या यंत्रणेचा विचार करताना नॉर्बर्ट वीनर आणि जुलियन बिगेलो यांनी आर्तुरो रोझेनब्लुएथ या शरीरशास्त्रज्ञाला विचारले होते, की एखादी वस्तू उचलायला जाताना हात असा अलीकडे-पलीकडे झोके खाऊ लागतो, असा काही आजार आहे का? तो म्हणाला, आहे. लहान मेंदूला इजा झाली की असे होते. त्या तिघांचा लेख 1943 साली आला, आणि वीनरचे 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक 1948 साली. माझ्या बायकोच्या दुखण्याला डॉक्टरांनी दिलेले नाव वेगळे आहे, आणि यंत्राचे आकडे माणसाला लावू नयेत, एवढे मला कळते. पण त्याच डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, की कोणी टक लावून पाहत असले की यांचा हात जास्त कापेल. ते वाक्य मी फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवले होते. वहीत नोंद होती. वसुबारसेच्या त्या तासाभरात तिच्या प्रत्येक रेघेवर नजर ठेवून मीच ओढ वाढवीत बसलो होतो, ही रोकड मात्र मी कधी मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हो काढली.

ती वाईट म्हणून नव्हे. कारखान्यांतले यांत्रिक हात, धातू कापणारी मोठी यंत्रे सर्व्होवर चालतात ती उगीच नव्हे. ओझे सारखे बदलत असेल, वेग मोठा असेल, आणि एक चूक हजारोंचा माल वाया घालवीत असेल, तर डोळस मोटरला पर्याय नाही. स्टेपरचा जोर वेग वाढला की ओसरतो. सर्व्हो आपल्या नेमलेल्या वेगापर्यंत तो राखते. पण आमचे ओझे म्हणजे पावशेर पूड आणि नरसाळे. घाई कोणाला होती? घरी खेळ म्हणून अशी यंत्रे करणारे बहुतेक लोक स्टेपरच वापरतात, आणि प्लास्टिक वितळवून वस्तू घडवणारी ती टेबलावरची यंत्रेही बहुतेक तिच्यावरच चालतात, कारण वाटेत काय येणार हे तिथे आधीच ठाऊक असते. स्टेपरलाच डोळा लावलेली मधली एक जातही बाजारात मिळते. मुलाला ती घ्यायची फार इच्छा होती. मी म्हटले, आता खर्च पुरे. भोज्जा आहे ना? आम्ही यंत्राला असे शिकवले, की ठिपक्यांची एक ओळ झाली की कोपऱ्यात जाऊन बटणाला शिवून यायचे आणि तिथून नवे मोजायचे. ओळीत चूक झाली तर ती ओळीपुरतीच राहील. रुळांवर हिच्या जुन्या साडीच्या फॉलची चुणीदार पट्टी झाकण म्हणून बसवली. वेग निम्मा केला. टर्रर्र पुन्हा ऐकू आले नाही.

'ठिपक्यांची ओळ' असे मी वर लिहिले आहे, ते नजरचुकीने नव्हे. रेघा काढायचा बेत आम्ही सोडला होता. म्हणजे हिने सोडायला लावला होता. "ठिपके तुमच्या यंत्राने काढा. जोडायचं माझं मी बघेन," ती म्हणाली, आणि मुलगा वर गेल्यावर कपाटातून एक जुना, तपकिरी पडलेला कागद आणून तिने माझ्यापुढे उलगडला. त्यावर उदबत्तीने पाडलेली 169 भोके होती. कागद जमिनीवर पसरायचा, वरून रांगोळीचा हात फिरवायचा, कागद उचलायचा, ठिपके तयार. तिच्या आईने तिला लग्नात दिलेला कागद. आठ महिने, दोन मोटरी, एक प्रिंटर, आणि हे काम त्या कागदाने अर्ध्या मिनिटात होत होते.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रमला होतात," ती म्हणाली.

2024 च्या वसुबारसेला संध्याकाळी दारापुढे गेरूचा चौकोन सारवून आम्ही यंत्र मांडले. जिन्यातली चारदोन माणसे जमली. ते गात गात कोपऱ्यात गेले, शिवून आले, आणि टिपटिप ठिपके टाकू लागले. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे लागली असतील. मग मुलाने आणि मी ते उचलून बाजूला ठेवले, माणसे पांगली, आणि ही पाट घेऊन बसली. माळ्यावरचा डबा सकाळीच उतरवून ठेवला होता. तिने चिमूट भरली. मी आत गेलो.

आत जाऊन बसणे सोपे नव्हते. मी वर्तमानपत्र उघडले, मिटले. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत होते. दारातून बांगड्यांचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. थांबला की मी खुर्चीवरून उठे आणि पुन्हा बसे. पाऊण तासाने तिने हाक मारली.

"अहो, तुमच्या यंत्राने एक ठिपका खाल्लाय. वरून तिसऱ्या ओळीत."

नरसाळ्यात खडा अडकला असावा. यंत्राच्या हिशेबी अर्थातच 169 भरले होते. मी चश्मा लावून बाहेर गेलो. रेघा सगळ्या जोडून झाल्या होत्या. त्या पूर्वीसारख्या नव्हत्या. प्रत्येक पाकळीच्या कडेला पाण्यावर उठते तशी बारीक लहर होती. पुसायचे फडके तिच्याजवळ घडी घातलेले, कोरडे पडले होते. मी तिसरी ओळ मोजली. दहा असायला हवे होते, आणि दहा होते.

"कुठे कमी आहे? बरोबर तर आहेत."

"मी घातला की तो," ती म्हणाली. "ओळखा कुठला."

मी उकिडवा बसून पुष्कळ वेळ पाहिले.